आजोबांची आरमारातली पत्रं कशी वाचावीत

बडोद्यात सागर म्हणायचा तो एकच, सूरसागर. त्यामुळे आमच्या घरातला एक माणूस दुसऱ्या महायुद्धात आरमारात होता, ही गोष्ट लहानपणी आम्हाला अर्धी थापच वाटायची. आजोबा स्वतः काही सांगत नसत. "होतो बोटीवर," एवढं म्हणायचे आणि चहा मागवायचे. दांडिया बाजारातलं घर रिकामं करायला घेतलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत, नऊवारीच्या फाटक्या तुकड्यात बांधलेली ४१ पत्रं निघाली. पहिलं १९४२ चं, शेवटचं १९४६ चं.

तुमच्याही माळ्यावर असा गठ्ठा असेल तर हे तुमच्यासाठी आहे. आधी काय आणि मग काय, हे इथे फार महत्त्वाचं असतं. मी पहिल्याच रात्री सगळी पत्रं अधाशासारखी उघडून वाचली. पाकिटं एका ढिगात, पत्रं दुसऱ्या ढिगात. कोणतं पत्र कोणत्या पाकिटातलं, हे जुळवण्यात पुढचे दोन महिने गेले. सहा अजून जुळलेली नाहीत.

पहिलं काम वाचायचं नाही

हात धुवा, कोरडे करा, चहाचा कप दुसऱ्या खोलीत ठेवा. एक पाकीट उचला, त्यातलं पत्र काढा आणि दोन्हींवर एकच क्रमांक द्या. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला कोपऱ्यात, हलक्या हाताने. बॉलपेन जवळही नको. पाकिटात काही नसलं तरी त्याला क्रमांक द्या. रिकामं पाकीटसुद्धा त्या तारखेला तो माणूस जिवंत होता एवढं तरी सांगतंच.

मग फोटो. खिडकीशेजारी, पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी, पत्र सपाट ठेवून मोबाइल अगदी वर समांतर धरा. पुढची बाजू, मागची बाजू, पाकिटाची पुढची, पाकिटाची मागची. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर रंगीत. काळा-पांढरा स्कॅन करू नका, शाईचा रंग हाही पुरावा असतो. पेन्सिलीचं पुसट झालेलं अक्षर दिसत नसेल तर खोलीत अंधार करून विजेरीचा झोत एका बाजूने, कागदाला जवळजवळ लागून टाका. कागदावरचा दाब दिसू लागतो.

जांभळ्या पेन्सिलीचं अक्षर असेल तर विशेष जपा. तिला कॉपिंग पेन्सिल म्हणत आणि त्या काळी ती फार चाले. तिच्या शिशात रंग असतो. पाण्याचा थेंब पडला की अक्षराची शाई होऊन पसरते. आमच्या एका पत्रावर पणजीच्या ओल्या बोटाचा ठसा आहे. तिथली दीड ओळ कायमची गेली.

फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका. पत्र लॅमिनेट तर अजिबात करू नका. लॅमिनेशन म्हणजे जपणं अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे आणि तिने किती कागद मारले असतील कोण जाणे. साधा पांढरा, आम्लरहित कागद मध्ये घालून पत्रं पुठ्ठ्याच्या पेटीत आडवी ठेवा. आपल्याकडचा पावसाळा आणि कसर या दोघांपासून वाचवायचं असेल तर पेटी जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. वेखंड ठेवायचं तर पुरचुंडीत, कागदावर भुरभुरून नव्हे.

आणखी एक. आमचे एक काका लहानपणी तिकिटं जमवत. नऊ पाकिटांवरची तिकिटं त्यांनी कात्रीने कापून नेली, आणि तिकिटाबरोबर टपालाचा शिक्काही गेला. म्हणजे तारीख गेली, ठिकाण गेलं. घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

तारखेचा घोळ

आता पत्रं तारखेप्रमाणे लावायची. पत्रावर लिहिलेली तारीख धरा, शिक्क्याची नव्हे, पण वहीत दोन्ही मांडा. लढाईच्या दिवसांत टपाल ज्या क्रमाने निघायचं त्या क्रमाने पोचायचं नाही. भूमध्य समुद्राची वाट १९४३ च्या मे महिन्यापर्यंत जवळपास बंद होती. विलायतेचं जहाजी टपाल आफ्रिकेला वळसा घालून यायचं. जूनचं पत्र मेच्या पत्राआधी हातात पडलं तर नवल नाही. घरच्यांचे प्रश्न आणि आजोबांची उत्तरं त्यामुळे एकमेकांना चुकतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं आजोबा दुर्लक्ष करत होते.

आपल्या पत्रांत तिथी आणि शक असण्याचीही शक्यता असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौषापासून पुढच्या महिन्यांत ७९ होतात). शके १८६५ म्हणजे १९४३-४४. संवत असेल तर जरा थांबा. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेत चैत्रात. १९४३ च्या जुलैत बडोद्याचा वाणी १९९९ लिहील आणि ग्वाल्हेरचा २०००. वद्य पक्षाचंही तसंच. आपलं आषाढ वद्य ते उत्तरेकडचं श्रावण वद्य. आमचे अर्धे नातेवाईक इंदूर-ग्वाल्हेरकडचे असल्याने मी या खड्ड्यात एकदा पडलोच. पणजोबांच्या श्राद्धाच्या महिन्यावरून दोन्हीकडचे लोक वाद घालत होते आणि दोघंही बरोबर होते.

मायना हाच पहिला कागदपत्र

मला विचाराल तर सगळ्या कामात सर्वात जास्त वेळ इथे द्या. आपण पत्राचा मायना वगळून थेट मजकुराकडे जातो. "सा. न. वि. वि.", "इकडील क्षेम, तिकडील क्षेम लिहिणे" हे वाचायचंच नसतं असं आपल्याला वाटतं. पण मजकूर तपासनिसाच्या नजरेखालून जायचा. जहाजाचं नाव लिहायचं नाही, बंदर लिहायचं नाही, कुठे निघालो, बरोबर कोण, हवामान कसं, काही नाही. लिहिलंच तर कात्री किंवा काळी शाई. मायन्याला मात्र कोणी हात लावत नसे. म्हणून जे मजकुरात सापडत नाही ते बरेचदा मायन्यात सापडतं.

वहीत एक रकाना खास मायन्यासाठी ठेवा. कोणाला लिहिलंय, कसं लिहिलंय, खाली आशीर्वाद-नमस्कार कोणाकोणाला आणि कोणत्या क्रमाने. त्या यादीतून एखादं नाव गळलं, नवं आलं, "कु." चं "सौ." झालं की घरात काहीतरी घडलंय असं समजा. लग्न, बारसं, भांडण, मरण, सगळं त्या चार ओळींत असतं.

आमचं उदाहरण देतो. १९४३ च्या जूनपर्यंतची पत्रं "ती. बाबांस" आणि "ती. सौ. आईस" अशी आहेत. पणजोबा गेले आषाढ वद्य दशमीला. पंचांगाप्रमाणे तो जुलैचा शेवटचा आठवडा. तारखेप्रमाणे पुढचं पत्र ९ ऑगस्टचं, आणि तेही "ती. बाबांस". दमा कसा आहे, पावसाळ्यात ओटीवर झोपू नका, वगैरे. बाबा जाऊन दोन आठवडे झाले होते आणि मुलगा त्यांना झोपायची जागा सांगत होता. त्यानंतरचं ३० ऑगस्टचं. मायना फक्त "ती. आईस". "सौ." गेलंय. पण रिवाजाप्रमाणे विधवेच्या नावाआधी यायला हवं होतं ते "गं. भा." आलेलं नाही. पुढची पाच पत्रं अशीच आहेत. १९४४ च्या जानेवारीत पहिल्यांदा "ती. गं. भा. आईस" दिसतं. मजकुरात वडिलांच्या जाण्याबद्दल एकूण दोन ओळी. तार कुठे मिळाली, रजा मागितली का, काही नाही. मी जर मायने गाळून वाचली असती तर ते पाच महिने माझ्या हाताला लागलेच नसते.

जहाज ओळखणं, आणि जहाज नसलेलं जहाज

आता आरमाराकडे वळू. आधी खात्री करून घ्या की आजोबा खरोखर आरमारात होते. "बोटीवर होते" हे घरातलं वाक्य व्यापारी जहाजावरच्या खलाशालाही लागू पडतं, बंदरावरच्या लष्करी कारकुनालाही. पत्त्यात नावाआधी हुद्दा आणि नोंदणी क्रमांक असेल, परतीचा पत्ता "मार्फत फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे" असा असेल, किंवा कुठे "एच. एम. आय. एस." (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) ही अक्षरं असतील तर ती रॉयल इंडियन नेव्ही. हे नाव १९३४ च्या २ ऑक्टोबरपासूनचं. त्याआधी ती रॉयल इंडियन मरीन होती. युद्ध सुरू झालं तेव्हा या आरमारात पुरती दोन हजार माणसंही नव्हती, संपताना पंचवीस-तीस हजारांच्या घरात होती. एरवी भरती कोकणपट्टी आणि पंजाबातून जास्त. युद्धात मात्र तारयंत्र, रडार, हिशेब अशा कामांना शिकलेली पोरं हवी होती, म्हणून आमच्यासारख्या बिनसमुद्राच्या गावातला मॅट्रिक मुलगाही टेलिग्राफिस्ट झाला.

नवख्या माणसाची हमखास होणारी चूक सांगतो. पाकिटावर "एच. एम. आय. एस. तलवार" वाचून मी महिनाभर तलवार नावाच्या युद्धनौकेचे फोटो शोधत होतो. सापडणार कसे? तलवार ही मुंबईत कुलाब्याला असलेली संदेशवहनाची शाळा होती. आरमाराच्या रिवाजात जमिनीवरच्या ठाण्यालाही जहाजाचंच नाव देतात. बहादूर आणि हिमालय कराचीत, वालसुरा जामनगरला, शिवाजी लोणावळ्याला, मछलीमार वर्सोव्याला, वेंदुरुती कोचीनला. ही सगळी जमिनीवरची. त्यामुळे आजोबा आठ महिने "तलवारवर" होते म्हणजे आठ महिने बाकावर बसून मोर्स घोकत होते.

खऱ्या जहाजांत नद्यांची नावं पुष्कळ. सतलज, जमुना, नर्मदा, गोदावरी, कावेरी, कृष्णा, इंडस. दफ्तरात किंवा इंटरनेटवर शोधताना मात्र तेव्हाची इंग्रजी रूपं वापरावी लागतात. कृष्णेसाठी "किस्टना", नर्मदेसाठी "नर्बदा", यमुनेसाठी "जमना" अशा उच्चारांची स्पेलिंगं. आजचं शुद्ध रूप टाकलं तर हाती शून्य.

नदीच्या नावांनी आमचं एक कोडं सोडवलं. १९४३ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक पत्रात एक कृष्णाबाई आहेत. "कृष्णाबाईंची प्रकृती उत्तम." "कृष्णाबाईंना जरा बरं नाही, दुरुस्तीला वेळ लागेल." घरात समजूत अशी की ही कोणीतरी वाईकडची दूरची नातलग. "दुरुस्ती" हा शब्द माणसाला कोणी लावत नाही, हे ७०-७५ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. कृष्णा हे जहाज ग्लासगोच्या यारो कारखान्यात बांधलं गेलं आणि १९४३ च्या ऑगस्टमध्ये आरमारात दाखल झालं. मराठी वाचणाऱ्या तपासनिसाच्या डोक्यात कृष्णाबाई म्हटल्यावर घाट आणि उत्सव आला असेल. युद्धनौका नसेल आली.

पण सांकेतिक शब्दावर एकट्यावर विश्वास ठेवू नका. दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधा. आमच्याकडे तो २२ जून १९४३ च्या पत्रात होता: "रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि दिवा न लावता लिहितो आहे." आत्याआजींना ती थट्टा वाटली होती. पण युद्धात ब्रिटनने उन्हाळ्यात घड्याळं ग्रिनिचच्या दोन तास पुढे नेली होती, आणि ग्लासगो एवढं उत्तरेला आहे की जूनच्या शेवटी तिथे घड्याळात अकरा वाजता सूर्य मावळतो. मुंबई, कराची, एडन, कुठेही हे शक्य नाही. तपासनिसाने गावाचं नाव गाळायला लावलं आणि उजेड तसाच राहू दिला.

अशा खुणा गोळा करा: दिवस-रात्र, थंडी, फळं, भाज्या, नाणी, कोणत्या सणाला काय मिळालं नाही. एकटी खूण फार काही सांगत नाही. तीन जुळल्या तर बोला.

फोटो असेल तर त्याची मागची बाजू आधी बघा, स्टुडिओचा शिक्का म्हणजे गाव. टोपीच्या फितीवर जहाजाचं नाव शोधू नका, युद्धकाळात गुप्ततेसाठी नुसतं "एच. एम. आय. एस." असे. बाहीवरचे बिल्ले मात्र बोलतात: साधारणपणे डाव्या बाहीवर हुद्दा, उजव्या बाहीवर काम. पंख आणि वीज असेल तर तारयंत्रवाला.

पत्राशेजारी इतिहास ठेवायचा, पत्रावर नाही

जहाज आणि तारखा हाताशी आल्या की छापील इतिहास उघडा. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैन्याच्या अधिकृत इतिहासमालेत रॉयल इंडियन नेव्हीवर स्वतंत्र खंड आहे, १९६४ साली निघालेला. मोठ्या ग्रंथालयांत मिळतो, इंटरनेटवरही त्याचा मजकूर आहे. आपल्या मंडळींना ज्यांची नावंही माहीत नसतात अशा घटना त्यात भेटतात. ६ एप्रिल १९४२ ला ब्रह्मदेशातल्या अक्याबला जपानी विमानांनी इंडस बुडवली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला बेंगाल या छोट्याशा सुरुंगनाशक नौकेने ओंडिना या डच तेलवाहू जहाजाबरोबर दोन जपानी सशस्त्र जहाजांना तोंड दिलं आणि त्यातलं एक बुडालं. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवरच्या चढाईत सतलज आणि जमुना होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये सेशेल्सच्या बाजूला जर्मन पाणबुडी बुडवण्यात गोदावरीचा हात होता. १९४५ च्या जानेवारीत आराकान किनाऱ्यावर, अक्याबपासून रामरी बेटापर्यंत, नदीनावांच्या या नौका तोफा डागत होत्या.

इथे मोह आवरा. आजोबांचं जहाज एखाद्या लढाईत होतं म्हणजे त्या दिवशी आजोबा जहाजावर होतेच असं नाही. माणसं आजारी पडायची, प्रशिक्षणाला जायची, बदलायची. मी वहीत तीन खुणा करतो: "नक्की", "जुळतं", "माझा अंदाज". फेब्रुवारी १९४५ च्या पत्रात आजोबा लिहितात की मागल्या महिन्यात इकडे बिनपावसाचा गडगडाट फार, झोप नाही. २१ जानेवारीला रामरीवर फौज उतरली, त्याआधी क्वीन एलिझाबेथ या बड्या युद्धनौकेसह बऱ्याच जहाजांनी किनारा भाजून काढला, कृष्णा त्यांत होती. माझ्या वहीत त्यापुढे "जुळतं" आहे. धाकट्या भावाने कुटुंबाच्या ग्रुपवर "आजोबांनी रामरी जिंकलं" असं टाकून दिलं, तो भाग वेगळा.

१९४६ बद्दलही थोडं. १८ फेब्रुवारीला तलवारवर जेवणाच्या तक्रारीवरून नौसैनिकांचा उठाव सुरू झाला, मुंबई-कराचीसह इतर बंदरांत पसरला आणि २३ तारखेला संपला. त्या आठवड्यातलं पत्र नसेल तर आजोबा बंडात होते असा निष्कर्ष लगेच काढू नका, आणि नव्हते असाही नको. आमच्याकडे मार्चचं एक पत्र आहे, त्यात एकच कामाचं वाक्य: "हल्ली जेवण बरं मिळतं." मी त्यापुढे खूणच केलेली नाही.

दफ्तरांना पत्र लिहिताना

नौसैनिकांच्या सेवानोंदींचं काम मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं ब्युरो ऑफ सेलर्स बघतं. अधिकाऱ्यांसाठी दिल्लीच्या नौदल मुख्यालयाकडे जावं लागतं. अर्जात पूर्ण नाव (तेव्हाच्या इंग्रजी स्पेलिंगसह, दोन-तीन प्रकारे), हुद्दा, नोंदणी क्रमांक, जहाजं किंवा ठाणी, भरतीचं आणि सुटकेचं साल लिहा. तुमचं नातं सिद्ध करणारे कागद जोडा: आजोबांचा मृत्यूदाखला, वडिलांचा जन्मदाखला, तुमचा दाखला. नोंदणी क्रमांक हा सगळ्याचा कणा. तो पाकिटाच्या मागे, सुटकेच्या दाखल्यावर किंवा पदकाच्या कडेवर मिळतो. ब्रिटिश लोकांना दिलेली त्या युद्धाची पदकं बिननावाची असत, आपल्याकडे दिलेल्यांच्या कडेवर मात्र बहुतेकदा क्रमांक आणि नाव कोरलेलं सापडतं. म्हणून पदक पितांबरीने घासून चकचकीत करायचा विचार मनातही आणू नका.

मी पहिला अर्ज एका कार्यालयाकडे नुसत्या नावावर पाठवला होता. उत्तर आलं नाही. दुसरा क्रमांकासह. मग मात्र दीड पान आलं. भरती, बढती, ठाण्यांच्या तारखा, चालचलन "व्हेरी गुड". एवढंच, पण माझ्या वहीतले अकरा "अंदाज" त्या कागदाने "नक्की" केले आणि चार पार खोडले. १९४७ मध्ये आरमाराची दोन देशांत वाटणी झाली. कृष्णा, जमुना, सतलज, कावेरी आपल्याकडे राहिल्या, नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानात गेल्या, कराचीतली ठाणी तर तिथलीच. कराचीत शिकलेल्या माणसाच्या नोंदीत एखादा तुकडा कमी असेल तर हे लक्षात असू द्या.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या चाळता येतं. लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद आणि क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली नौदलाची दफ्तरं, दोन्हींच्या सूच्या इंटरनेटवर फुकट शोधता येतात. प्रती मागवायला पैसे पडतात, म्हणून जहाज आणि महिना पक्का झाल्याशिवाय मागवू नका. युद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नावांची यादी आहे. समुद्रातच राहिलेल्यांची नावं दगडावर नाहीत, मुंबई आणि चट्टोग्रामला ठेवलेल्या दोन सारख्या नोंदवह्यांत आहेत.

परतीच्या बाजूचं टपाल

हे सगळं करताना एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. या ४१ पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं ही उत्तरं आहेत, आणि प्रश्न बडोद्यातून गेले होते. ते प्रश्न समुद्रात गेले, कृष्णाबाईच्या कुठल्यातरी लॉकरमध्ये संपले. पण त्यांच्या खुणा इथे घरीच असतात. म्हणून लंडनला पत्र पाठवण्याआधी स्वतःच्या घरातली दुसरी ट्रंक उघडा. रोजकीर्द, दूधवाल्याची वही, मनिऑर्डरची कूपनं, कुलदेवतेला पाठवलेल्या अभिषेकाच्या पावत्या, लग्नपत्रिकेच्या मागचे हिशेब.

बडोद्यात याला एक अडचण येते, मोडी. पणजोबा सरकारी कारकून. आकडा आणि नाव सोडलं तर वही सगळी मोडीत. शिरोरेघ आधी ओढून लेखणी न उचलता लिहिलेली, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. घाबरू नका. रोजकीर्दीची मोडी ही मोडीतली सोपी, कारण तेच पंधरा-वीस शब्द फिरून येतात. आधी तारीख आणि आकडे ओळखा, मग माहीत असलेली नावं, मग "जमा", "खर्च", "मनिऑर्डर". त्यापुढे अडलात तर मोडी जाणणारा माणूस शोधा. संस्थानचं मोडी दफ्तर अजून कोठीच्या अभिलेखागारात आहे, त्यामुळे वाचणारे या गावात अगदीच संपलेले नाहीत. त्यांच्याकडे मूळ वही नेऊ नका, फोटोचे प्रिंट न्या, आणि एका बैठकीत दोन पानांपेक्षा जास्त मागू नका.

घरातल्या सर्वात मोठ्या माणसाशी बोला, तेही पत्र हातात देऊन. "काही आठवतंय का?" असं विचारलं तर "छे, किती वर्षं झाली" एवढंच मिळतं. आमच्या आत्याआजी, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहीण, आता ९३ वर्षांच्या आहेत. त्यांना मी कृष्णाबाईंचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मीच वाचायचे रे आईला. सगळा वाडा जमायचा." तेव्हा उमगलं की आईला लिहिलेलं पत्र खाजगी नव्हतंच. तपासनीस एकटा नव्हता. वाड्यातले वीस कान होते, शिवाय वाचणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. माणूस काय लिहील आणि काय लिहिणार नाही, याचा हिशेब मग पुन्हा मांडावा लागला.

रोजकीर्दीचं एक पान मी फोटो काढून वेगळं ठेवलंय. जुलै १९४३ पर्यंत दर महिन्याला पणजोबांच्या बारीक मोडीत एक ओळ आहे: आरमाराकडून आलेले २० रुपये जमा. ऑगस्टचं पान कोरं. सप्टेंबरपासून अक्षर बदलतं. मोठं, ओबडधोबड, ओळ सोडून चढत जाणारं बाळबोध, शाळेच्या टाकाने लिहिलेलं. आत्याआजींचं. पहिलीच नोंद: "दादाची मनिऑर्डर रु. ३०".